पडद्यावरचे क्रीडांगण

भातुकलीच्या चुलीवर भात कधी शिजत नाही; तरीही पाहुण्यांना वाढताना 'गरम आहे हं, जपून!' असे बजावल्यावाचून मुले राहत नाहीत. बुद्धिबळाच्या पटावर लाकडी घोडा अडीच घरे चालतो. जगातील कोणताही घोडा तसा चालत नाही, हे खेळणाऱ्या दोघांनाही पक्के ठाऊक असते. पण म्हणून बुद्धिबळ खोटे आहे, असे कोणी म्हणत नाही. युद्धातील धूळ, रक्त आणि आरोळ्या पटावरून वगळल्या आहेत. पुढचा विचार, बळांची जपणूक आणि योग्य क्षणी केलेला त्याग हे जे युद्धाचे मर्म, ते तेवढे राखले आहे. मनुष्याने फार प्राचीन काळापासून नकलेचे खेळ निर्माण केले, आणि प्रत्येक वेळी त्याला एकच प्रश्न सोडवावा लागला : मुळातले काय ठेवावे आणि काय टाकावे?

हाच प्रश्न आज पडद्यावरच्या खेळांनी पुन्हा आपल्यापुढे उभा केला आहे. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, मोटारींच्या शर्यती असे नाना खेळ आता खेळता येतात. त्यांतील खेळाडूंचे चेहरे ओळखू येतात, कपाळावरचा घाम चकाकतो, प्रेक्षकांचा जयघोष कानी पडतो. हे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत दोन मते आढळतात. काही म्हणतात, 'खेळ जितका हुबेहूब, तितका उत्तम.' काही म्हणतात, 'खेळ तो खेळ. त्याने मौज दिली म्हणजे झाले. खरेपणाशी त्याला काय करावयाचे आहे?' दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. पडद्यावरचा खेळ रूपाने खरा असो वा नसो, तो न्यायाने खरा असला पाहिजे, असे मला वाटते. न्यायाने खरा म्हणजे काय? खेळणाऱ्याने जे केले त्याचेच फळ त्याला मिळावे, चांगल्या फटक्याचे चांगले आणि चुकलेल्या फटक्याचे वाईट. हे कसे, ते काही उदाहरणांवरून पाहू.

१९५८ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत, विल्यम हिगिनबॉथम नावाचे एक पदार्थविज्ञानवेत्ते काम करीत होते. प्रयोगशाळा पाहावयास येणारे लोक नुसती स्तब्ध यंत्रे पाहून कंटाळतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी ऑसिलोस्कोप नावाच्या उपकरणाच्या लहानशा वाटोळ्या काचेवर टेनिसचा खेळ मांडला. त्यात खेळाडू दिसत नव्हते, रॅकेटी दिसत नव्हत्या. एक आडवी रेघ म्हणजे मैदान, एक आखूड उभी रेघ म्हणजे जाळे आणि एक तेजस्वी ठिपका म्हणजे चेंडू, एवढ्याच सामग्रीवर तो खेळ चाले. पण तो ठिपका खऱ्या चेंडूप्रमाणे कमान घेऊन खाली येई, उसळी घेताना त्याचा जोर कमी होई, आणि जाळ्याला लागला तर तो मागे फिरे. तो खेळण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी, चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर टेनिस खेळले तर चेंडू कसा उडेल, हेही त्या यंत्रावर दाखविण्यात आले. तेथे चेहरा नव्हता, घाम नव्हता, हिरवळ नव्हती. गुरुत्वाकर्षणाचा नियम मात्र होता. आणि तेवढ्यावर लोकांनी त्या ठिपक्याला चेंडू मानले.

चौदा वर्षांनी, १९७२ मध्ये, अटारी या अमेरिकन कंपनीतील ॲलन अल्कॉर्न या अभियंत्याने 'पाँग' नावाचा खेळ तयार केला. त्यातील चेंडू चौकोनी होता आणि तो गुरुत्वाकर्षणही मानीत नसे. म्हणजे रूपाप्रमाणे येथे निसर्गनियमही सोडला होता. परंतु अल्कॉर्न यांनी एक युक्ती केली. त्यांनी पडद्यावरच्या फळीचे आठ भाग कल्पिले. मध्यभागी लागलेला चेंडू सरळ परते, कडेला लागलेला तिरका जाई. आणि चेंडूची देवघेव लांबली की त्याचा वेग वाढे. त्यामुळे कोठे उभे राहावे, कोणत्या भागाने टोलवावे, धोका पत्करावा की सांभाळून घ्यावे, हे खेळणाऱ्याला ठरवावे लागे. ज्याने नीट ठरविले तो जिंके. खऱ्या टेनिसपटूलाही हेच ठरवावे लागते. तेव्हा चौकोनी चेंडूचा हा खेळ दिसण्यात टेनिसपासून फार दूर, परंतु खेळण्यात त्याच्या पुष्कळच जवळ होता.

मग काहीही वगळले तरी चालते काय? तसे नाही. १९८४ च्या सुमारास ट्रिप हॉकिन्स हे उद्योजक अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम काढण्याच्या विचारात होते. त्यासाठी त्यांनी प्रख्यात प्रशिक्षक व समालोचक जॉन मॅडन यांचा सल्ला घेतला. त्या काळच्या संगणकांची शक्ती तोकडी होती. पडद्यावर बावीस खेळाडू एकाच वेळी हालविणे त्यांना पेलत नसे. म्हणून प्रत्येक बाजूला सहा-सातच खेळाडू ठेवावेत, अशी सूचना पुढे आली. मॅडन यांनी ती साफ नाकारली. त्या खेळात अकरा जणांची व्यूहरचना हाच सारा डाव असतो. कोणी कोणाला अडवावयाचे आणि कोणी कोणाच्या आडून धावावयाचे, हे अकरांच्या हिशेबानेच ठरते. चार खेळाडू कमी केले तर चित्र थोडे रिते दिसेल, एवढ्यावर ते थांबणार नाही. तो खेळच दुसरा होईल. अखेर अकरा विरुद्ध अकरा असाच तो खेळ १९८८ मध्ये बाहेर पडला. खेळाडूंचे चेहरे धूसर असले तरी चालतील, संख्या मात्र पुरी हवी, हा मॅडन यांचा आग्रह योग्यच होता. कारण चेहऱ्यावर डाव अवलंबून नव्हता. तो संख्येवर अवलंबून होता.

आता टाकावयाच्या गोष्टींकडे वळू. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा. पडद्यावर तो बहुधा दहा-बारा मिनिटांत आटोपतो. क्रिकेटचा कसोटी सामना पाच दिवस चालतो. तेवढा वेळ पडद्यापुढे बसणे कोणालाही शक्य नाही, आणि कोणी बसू म्हटले तरी त्यास बसू देऊ नये! हे असत्य खरे, पण ते निरुपद्रवी आहे. नाटकात पहिल्या अंकानंतर पडदा पडतो आणि दुसऱ्या अंकात बारा वर्षे लोटलेली असतात. म्हणून कोणी नाटककाराला लबाड म्हणत नाही. प्रेक्षकाला तो संकेत ठाऊक असतो. खेळातील काळाची काटछाटही अशीच उघड असते.

क्रिकेटचे आणखी एक उदाहरण घ्या. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येऊन पोहोचतो. एवढ्या अल्प अवधीत फलंदाज त्याला कसा खेळतो? गोलंदाजाची धाव, मनगट व बोटे यांवरून चेंडू कोठे पडेल याचा अंदाज तो आधीच बांधू लागतो. आणि ही नजर येण्यास त्याने वर्षानुवर्षे सराव केलेला असतो. सपाट पडद्यावर खोली नीट कळत नाही आणि मनगट तर ओझरतेच दिसते. यास्तव पुष्कळ क्रिकेट-खेळांत चेंडू कोठे टप्पा घेणार, ते दाखविणारी एक खूण खेळपट्टीवर आधीच उमटते. खऱ्या मैदानावर अशी खूण कधी कोणी पाहिली आहे काय? तरीही मला ती योग्य वाटते. पडद्याने खेळणाऱ्याची जी दृष्टी हिरावून घेतली, तिची ती भरपाई आहे. 'रिअल क्रिकेट'सारखे खेळ आपल्या पुण्यातही तयार होतात. ते तयार करणाऱ्यांना असे निर्णय पदोपदी घ्यावे लागत असतील. कोठे खऱ्याला धरून राहावे आणि कोठे खऱ्याच्या हितासाठीच खऱ्यापासून दूर जावे, हे ओळखणे हीच त्यांच्या कामातील कसोटी.

उघड असत्य खेळाला मारक नसते. छुपे असत्य मात्र त्याला विषासारखे असते. १९९३ साली निघालेला 'एनबीए जॅम' हा बास्केटबॉलचा खेळ याचा उत्तम दाखला आहे. त्यात एका बाजूस दोनच खेळाडू असत. ते माणसाच्या आवाक्याबाहेर उंच उड्या घेत. एखाद्याने लागोपाठ तीन टोपल्या केल्या की त्याच्या हातातला चेंडू पेट घेई! हे सारे अशक्य होते; पण ते दोन्ही बाजूंना सारखेच अशक्य होते आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत घडे. म्हणून त्यात कोणाची फसवणूक नव्हती. परंतु त्या खेळात एक गोष्ट दडविलेली होती. खेळाचे मुख्य रचनाकार मार्क टर्मेल हे डेट्रॉइटच्या संघाचे चाहते. सामना अटीतटीचा झाला आणि शिकागोच्या खेळाडूने डेट्रॉइटविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी चेंडू फेकला, तर तो बहुधा चुकावाच, अशी व्यवस्था त्यांनी गुपचूप करून ठेवली होती. अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच ती उघड केली. कल्पना करा, शिकागोच्या बाजूने खेळणारा एखादा मुलगा शेवटच्या क्षणी अचूक नेम धरतो, चेंडू हुकतो, आणि तो बिचारा आपल्याच बोटांना दोष देत घरी जातो! पेटलेल्या चेंडूने त्याला फसविले नव्हते. खरा दिसणाऱ्या त्या एका चेंडूने त्याला फसविले होते. पंच एका बाजूस मिळालेला असेल, तर मैदानावरची हिरवळ कितीही खरी दिसून काय उपयोग?

काही गोष्टी अशाही असतात, की ज्या वगळल्या तर खेळणाऱ्याच्या मनात चुकीची समजूत घर करते. मॅडन यांच्या नावाने निघणाऱ्या खेळाच्या १९९० नंतरच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत, खेळाडू जखमी झाला की रुग्णवाहिका धावत मैदानात येई आणि वाटेतल्या खेळाडूंना खुशाल उडवीत जाई. मुले पोट धरून हसत. पुढे डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराने मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे अमेरिकेतील लोकांना अधिकाधिक स्पष्ट होत गेले. २०११ च्या आवृत्तीत रचनाकारांनी निराळाच मार्ग धरला. ज्या खेळाडूच्या मेंदूला हादरा बसला, त्याला त्या सामन्यात पुन्हा उतरता येणार नाही, असा नियम त्यांनी घातला. आणि समालोचकाच्या तोंडून त्याचे कारणही वदविले. संघातील सर्वांत गुणी खेळाडू ऐन मोक्याच्या वेळी बाहेर बसला, तर खेळणाऱ्याची मौज थोडी कमी होते. परंतु 'डोक्याला मार लागला तरी दात-ओठ खाऊन खेळत राहणारा तोच खरा वीर' ही घातक समजूत त्याच्या मनात मूळ धरीत नाही. शाळेच्या मैदानावर आपटल्यावर तोच मुलगा कदाचित शिक्षकांना वेळीच सांगेल. येथे मौजेपेक्षा खरेपणा मोलाचा ठरतो, यात शंका नाही.

हुबेहूबपणाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे ज्याची प्रतिमा त्याचा हक्क. एड ओबॅनन हे अमेरिकेतील एक बास्केटबॉलपटू. १९९५ साली त्यांच्या महाविद्यालयाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुढे अनेक वर्षांनी एका व्हिडिओ गेममध्ये त्यांना आपल्यासारखाच एक खेळाडू आढळला. तोच क्रमांक, तोच बांधा, तोच डावखुरा हात; नाव तेवढे नव्हते. त्यांना कोणी विचारले नव्हते आणि मोबदल्याची तर गोष्टच नको. २००९ मध्ये ते न्यायालयात गेले. २०१४ मध्ये निकाल मुख्यतः त्यांच्या बाजूने लागला. महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रसिद्ध खेळ २०१३ नंतर बंदच पडला होता. तो २०२४ मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा खेळाडूंची संमती घेऊन त्यांना मोबदला देण्यात आला. चित्र जितके हुबेहूब, तितके ते ज्याचे आहे त्याला विचारण्याचे कर्तव्य मोठे.

चित्रात कोण आहे हे जसे पाहावे, तसे कोण नाही हेही पाहावे. १९९३ पासून दरवर्षी निघणाऱ्या फुटबॉलच्या एका सुप्रसिद्ध खेळमालिकेत महिलांचे राष्ट्रीय संघ प्रथम आले ते २०१५ मध्ये. खऱ्या मैदानावर मुली पूर्वीपासून खेळत होत्या. पडद्यावर मात्र बावीस वर्षे त्यांना जागा नव्हती. गवताचे प्रत्येक पाते दाखविणाऱ्यांनी निम्मे जग दाखविले नाही, तर त्या चित्राला हुबेहूब कसे म्हणावे?

पैशाचा प्रश्न तर याहूनही नाजूक आहे. काही फुटबॉल-खेळांत पैसे देऊन बंद पाकिटे विकत घेता येतात. आत कोणत्या खेळाडूचे पत्ते निघतील, हे दैवावर अवलंबून असते. 'खरे संघही पैसे मोजून खेळाडू घेतात. मग हेही वास्तवच नव्हे काय?' असा युक्तिवाद कोणी करील. परंतु खरा संघ आपण कोणाला घेत आहोत हे जाणून पैसे देतो, डोळे मिटून नव्हे. बेल्जियममध्ये तेथील नियामक मंडळाने २०१८ साली अशा पाकिटांना जुगार ठरविले, आणि पुढच्या वर्षी त्या देशात पैशाने त्यांची विक्री थांबली. पैशाने नशीब अजमावणे आणि कौशल्याने सामना जिंकणे या दोन गोष्टी एकाच रंगात रंगवून दाखविणे, हेही एक छुपे असत्यच होय.

शेवटी प्रश्न उरतो तो पडद्याच्या मर्यादेचा. नक्कल कोठपर्यंत पोहोचू शकते? मोटारींच्या शर्यतीत ती फार दूरवर पोहोचते. कारण खरा चालकही बसलेलाच असतो आणि त्याचे हातपाय चाके व पायट्या हाताळीत असतात. २००८ साली 'ग्रान तुरिस्मो' या खेळातील निष्णातांमधून खरे शर्यतपटू निवडण्याची एक स्पर्धा सुरू झाली. तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ, २०११ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या विख्यात शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. ब्रिटनचा यान मार्डेनबरो हाही याच मार्गाने शर्यतींत उतरला आणि २०१३ मध्ये त्याच शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला. पडद्यावर मिळविलेली नजर खऱ्या रस्त्यावर उपयोगी पडली, हे निर्विवाद आहे. परंतु २०१५ मध्ये जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे मार्डेनबरोची मोटार एका चढावर हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे जाऊन पडली. तो स्वतः वाचला. एक प्रेक्षक मरण पावला. पडद्यावर मोटार उलटली तर एक कळ दाबून शर्यत पुन्हा आरंभता येते. त्या दिवशी दाबावयास कोणतीच कळ नव्हती.

आता आपली कबड्डी घ्या. चढाई करणारा गडी 'कबड्डी, कबड्डी' असा घोष करीत एका दमात प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो. छाती भरून येते, पायाला कोणाचा तरी हात लागतो, सारे अंगावर कोसळतात, आणि तशातही मध्यरेषेला बोटे टेकविण्याची त्याची धडपड चाललेली असते. हा दम अंगठ्याने धरता येईल काय? पडद्यावर दमाची एक पट्टी काढता येईल व ती हळूहळू आटतानाही दाखविता येईल. चढाई केव्हा करावी आणि केव्हा परतावे याचा विचारही शिकविता येईल. पण आटणारी पट्टी पाहणे निराळे आणि आटणारा श्वास सोसणे निराळे. हा पडद्याचा दोष म्हणता येणार नाही. ती त्याची हद्द आहे. आपली हद्द मान्य करणारा खेळ मला 'अगदी खऱ्यासारखा' अशी जाहिरात करणाऱ्या खेळापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

तेव्हा यापुढे एखादा नवा खेळ हाती आला, की त्यातील घाम आणि गवत पाहून लगेच भुलून जाऊ नका. तीन प्रश्न विचारा. मी चांगले खेळलो म्हणून जिंकलो, की कोणी आधीच ठरविले होते म्हणून? या खेळाने जे वगळले, ते उघडपणे वगळले आहे, की माझ्यापासून दडविले आहे? आणि येथे जो जिवंत माणूस रंगविला आहे, त्याच्या वेदनेचा व हक्काचा मान राखला आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तर चेंडू चौकोनी असला तरी बिघडत नाही. आणि ती आली नाहीत, तर तो कितीही वाटोळा दिसो, त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही.